वगळलेली गावं

डॉ. अभिराम सोवनी वर्ध्याला येणार हे कळलं, त्या दुपारी रूपालीनं मेसमध्ये दोनदा भात मागून घेतला. एरवी ती ताटात नुसती चिवडत बसायची. समोर बसलेला तिचा वर्गमित्र निकेश म्हणाला, "काय गं, लॉटरी लागली का?"

"लागली असंच समज," ती म्हणाली आणि वरणाची वाटी पुढं ओढली.

विद्यापीठ वर्ध्याच्या बाहेर, कापसाच्या शेतांना लागून होतं. तिथल्या आरोग्य धोरण विभागात दरवर्षी बाहेरचा एखादा नामांकित संशोधक एका शैक्षणिक वर्षासाठी येऊन राहायचा. विभागातली दोन-चार मुलं निवडायची, त्यांना हाताशी धरून शिकवायचं, संशोधन असं करायचं की सरकारला निर्णय घेताना ते उपयोगी पडलं पाहिजे, हे त्यांच्या अंगात मुरवायचं, असा तो उपक्रम. या वर्षीचे पाहुणे सोवनी. मूळचे पुण्याचे, आता परदेशात प्राध्यापक. विभागप्रमुख इला मॅडमनी त्यांचं नाव जाहीर केलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. रूपालीनंही वाजवल्या.

सोवनींचं नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं तेही इला मॅडमच्याच वर्गात. संशोधनातून धोरण कसं घडतं याचा आदर्श नमुना म्हणून मॅडमनी त्यांचा वर्धा जिल्ह्यावरचा जुना अभ्यास पडद्यावर लावला होता. ज्या उपकेंद्रांत वर्षाकाठी मोजकीच बाळंतपणं होतात तिथली बाळंतपणाची खोली बंद करावी, बायांना मोठ्या दवाखान्यात न्यावं, तिथं डॉक्टर असतो, रक्त असतं, आणि कुठल्याही गावातून तिथं अर्ध्या तासात पोचता येतं, असं तो अभ्यास सांगत होता. एका समितीनं तो मान्य केला आणि खोल्या बंद झाल्या. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता, दवाखान्यांभोवती निळी वर्तुळं. रूपाली नकाशात आपलं गाव शोधत होती. गिरडच्या पलीकडं, नाल्याच्या अंगाला, चिचटेक. ते नव्हतंच. शेजारची गावंही नव्हती. तिथं नुसता पांढरा कागद होता.

ती नववीत असताना तिची थोरली बहीण कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणातली दुपार. कळा सुरू झाल्यावर बाबा तिला उपकेंद्रात घेऊन गेले, तर खोलीला कुलूप. यशोदा सिस्टर बिचारी हात जोडून उभी राहिली. "अण्णाजी, सामानच उचलून नेलं जी. मी काय करू?" तरी ती पायात चपला सरकवून त्यांच्यासोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. हिंगणघाटचा रस्ता धरला, तर गावाबाहेरचा नाला दुथडी भरून वाहत होता. पूल पाण्याखाली. कोकिळाचं डोकं रूपालीच्या मांडीवर होतं, वर ताडपत्री धरलेली. ती सारखी विचारायची, "रूपा, उतरलं का व पाणी?" आणि रूपाली म्हणायची, "उतरून राह्यलं, ताई." पाणी उतरत नव्हतं, चढत होतं. ताई त्या काठावरच गेली. बाळ तिच्या पोटातच राहिलं.

घरच्यांनी पावसाला दोष दिला, नाल्याला दिला, नशिबाला दिला. कुणा माणसाला दोष देता येईल हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इला मॅडमच्या वर्गात, तो पांढरा कागद बघताना, रूपालीला माणूस सापडला. त्या दिवसापासून ती त्याची वाट बघत होती.

निवडीच्या मुलाखतीत सोवनींनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. उंच, पिकल्या केसांचा, सुती कुडता घातलेला, बोलायला मऊ माणूस. "तुम्हाला माझ्याकडेच का काम करायचंय?"

"सर, तुमचा अभ्यास आमच्या जिल्ह्याचा आहे. त्या निर्णयानंतर पुढं काय झालं, हे कुणी पाहिलेलंच नाही. मला ते बघायचंय."

सोवनी खुलले. इला मॅडमकडं वळून म्हणाले, "हा विषय मलाच सुचायला हवा होता." आपल्या जुन्या कामाला आता कुणी तरी हार घालणार, असं त्यांना वाटलं असावं. रूपालीची निवड झाली. दुसरा निकेश.

अडचण एकच झाली. माणूस शिकवायला चांगला निघाला.

रूपालीनं मनाशी एक गर्विष्ठ, तुसडा साहेब रंगवून ठेवला होता. हे गृहस्थ स्वतःच्या हातानं चहा करून द्यायचे. तिचं इंग्रजी अडखळायचं तेव्हा म्हणायचे, "आधी मराठीत विचार करा. प्रश्न धारदार असला की भाषा मागून येते." तिचा पहिला मसुदा त्यांनी लाल शाईनं भरून टाकला, पण प्रत्येक खुणेशेजारी का ते लिहिलं होतं. समोरच्याला उत्तर न सुचवता कसं विचारावं, रडणाऱ्या माणसापुढं किती वेळ गप्प बसावं, आपल्याला हवं तेच दिसतंय अशी शंका आली की काय करावं, हे सगळं त्यांनी तिला शिकवलं. ती शिकत गेली. कधी कधी तर त्यांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात यायचं की आज आपल्याला ताईची आठवणच झाली नाही. मग तिला स्वतःचाच राग यायचा.

दिवाळीत घरी गेली तेव्हा बाबांनी विचारलं, "कसा हाये तुया नवा मास्तर?"

"चांगला हाये," ती म्हणाली. आणि ते खरं होतं म्हणून तिला जेवण गेलं नाही. कदाचित चूक प्रामाणिक असेल, असं ती त्या सुट्टीत स्वतःला समजावत होती. पावसाळ्यात तो इकडं आलाच नसेल. त्याला कुणी सांगितलंच नसेल.

दिवाळीनंतर सोवनी, निकेश आणि ती विभागाच्या जीपनं समुद्रपूर तालुक्यात निघाले. गिरडला थांबून ते दर्ग्याच्या टेकडीवर चढले. वरून सगळा मुलूख दिसत होता. पांढरी झालेली कापसाची शेतं, तुरीचे पट्टे आणि त्यातून वळणं घेत गेलेली नाल्याची काळपट रेघ. सोवनींनी दम खात कठड्याला हात टेकला आणि त्या रेघेकडं बोट दाखवलं.

"तुम्हाला दोघांना एक गुपित सांगतो. धोरण संशोधनातलं सगळ्यात महत्त्वाचं. या नाल्यानं माझा अभ्यास जवळजवळ बुडवला होता."

"कसा काय, सर?" निकेशनं विचारलं.

"सगळं काम झालं होतं. आणि आमचा सर्वेक्षण करणारा माणूस येऊन सांगतो, साहेब, नाल्यापलीकडची गावं पावसाळ्यात तुटतात, तिथून बाई दवाखान्यात पोचूच शकत नाही. आता काय करायचं? ती गावं ठेवली तर माझा अर्ध्या तासाचा आकडा मोडतो. समिती म्हणणार, अपुरं आहे, पुढच्या वर्षी या. समितीला एकच पान वाचायला वेळ असतो रे. मी ती गावं काढून टाकली. एका बैठकीत निर्णय झाला, साऱ्या जिल्ह्याचा!" ते हसले. "काय घ्यायचं ते कुणीही शिकवेल. काय वगळायचं, ते ज्याला कळलं तो खरा धोरण संशोधक."

निकेशही हसला. वारा जोरात होता. रूपालीला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. "मग त्या गावांचं काय झालं, सर?"

"अं?" सोवनी खिशात रुमाल शोधत होते. "असतील ना. गावं कुठं जातात?"

त्या क्षणी तिच्यातलं जे काही डळमळत होतं ते थांबलं. उतरताना त्यांनी पायरीवर तिला हात दिला. तिनं तो धरला. मनात म्हणाली, तुम्ही शिकवलेलं सगळं तुमच्याच अंगावर घालते आता.

पुढचे महिने ती त्या गावांतून फिरली. निकेश हिंगणघाटकडची गावं करत होता, नाल्यापलीकडं ती एकटी जायची. ज्या घरांतली बाई वाटेत गेली ती घरं तिनं एक-एक करून शोधली. सोवनींनी शिकवलं होतं तसं विचारलं, तसंच गप्प बसली. कुणाची बायको बैलगाडीत गेली होती, कुणाची सून नाला ओलांडण्याआधीच, शाळेच्या व्हरांड्यात. एका म्हाताऱ्यानं तिला हात जोडून विचारलं, "इतक्या वर्षानं काऊन विचारून राह्यली, पोरी?" ती म्हणाली, "सांगायचं हाये एका जणाले."

सोवनींना ती पद्धत दाखवायची, प्रश्नावली दाखवायची. निष्कर्षाचं विचारलं की म्हणायची, आकडे अजून पक्के व्हायचेत. तेही गडबडीत होते. त्यांच्या नावानं विभागात अध्यासन काढायचं घाटत होतं. वर्ष संपण्याआधी मोठा समारंभ, आरोग्य खात्याचे अधिकारी, वर्ध्याचे पत्रकार. "रूपाली, तुमचं सादरीकरण माझ्या भाषणानंतर लगेच ठेवू," त्यांनी स्वतःच सुचवलं. "माझा अभ्यास आणि लगेच त्याचं पुढचं पाऊल. निष्कर्ष मी मंचावरच ऐकेन, सगळ्यांसोबत. मजा येईल."

"हो सर," ती म्हणाली. "मजा येईल."

समारंभाच्या आधी तिनं घरी फोन केला. "बाबा, माह्या कार्यक्रम हाये. सकाळच्या यष्टीनं येजा. धुतलेलं धोतर नेसजा."

"मी येऊन काय करू व तिथी? मले काय समजते?"

"तुमी फक्त बसा पुढं."

काय करणार आहे, ते तिनं सांगितलं नाही. नाल्यापलीकडच्या आणखी काही घरांनाही तिनं बोलावलं होतं. ती माणसं पांढऱ्या टोप्या, डोक्यावर पदर अशी पुढच्या रांगेत अवघडून बसली. इला मॅडमनी कौतुकानं पाहिलं. गावातली माणसं आल्यानं फोटो चांगले येणार होते.

सोवनी सुरेख बोलले. शाल, श्रीफळ झालं, अध्यासनाची घोषणा झाली, टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरांत रूपालीनं हात वर केला. "सर, गिरडच्या टेकडीवर तुम्ही आम्हाला एक गोष्ट सांगितली होती. काय वगळायचं, त्याची. सगळ्या विद्यार्थ्यांना सांगा ना. मी ती कधीच विसरले नाही."

निकेशनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. 

सोवनींना तर हेच हवं होतं. त्यांनी माइक हातात घेतला, मंचाच्या कडेशी आले, आणि टेकडीवर सांगितली होती त्याहून रंगवून गोष्ट सांगितली. सर्वेक्षण करणाऱ्या माणसाची नक्कल केली. समितीची नक्कल केली. "मी ती गावं काढून टाकली!" या वाक्याला सभागृहात हशा पिकला. पुढच्या रांगेतलं कुणी हसलं नाही. त्यांना हसायचं कशाला ते कळलं नव्हतं.

मग रूपाली मंचावर गेली. पडद्यावर सोवनींचा नकाशा आला, निळ्या वर्तुळांचा. ती शांतपणे बोलली. पद्धत सांगितली, मर्यादा सांगितल्या, सगळं सरांनी शिकवलं होतं त्याच क्रमानं. मग पांढऱ्या जागेत एक ठिपका उमटला आणि शेजारी गावाचं नाव. मग दुसरा. मग आणखी. "सरांनी आत्ता सांगितलं ती ही गावं. पावसाळ्यात तुटणारी. खोल्या बंद झाल्यावर इथल्या ज्या बाया दवाखान्याच्या वाटेवर वारल्या, त्यांची नावं आता दिसतील. त्यांच्या घरच्यांच्या परवानगीनं."

नावं एकाखाली एक आली.  मंचावर सोवनींच्या खांद्यावरची शाल घसरून खुर्चीच्या हातावर लोंबत होती.

"सर," रूपाली म्हणाली, "ही नावं तुम्ही वाचावीत अशी विनंती आहे."

"रूपाली, हे पाहा," ते उठून उभे राहिले. "त्या काळी जी माहिती उपलब्ध होती..."

"माहिती उपलब्ध होती, सर. ते तुम्ही आत्ताच सगळ्यांना सांगितलंत."

इला मॅडम लगबगीनं माइककडं निघाल्या. पण समोर बसलेला आरोग्य खात्याचा वयस्कर अधिकारी खालच्या आवाजात म्हणाला, "वाचा ना, डॉक्टर." आणि मॅडम जागच्या जागी थांबल्या.

सोवनींनी वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव नीट आलं. दुसऱ्याला आवाज फाटला. तिसरं नाव वाचताना पुढच्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून हुंदका देऊन रडली, ते तिच्या सुनेचं नाव होतं. सोवनी थांबले. चष्मा काढला.

"पुढं आहेत, सर," रूपाली म्हणाली.

त्यांनी पुढची वाचली. शेवटचं कोकिळा होतं, गाव चिचटेक. "ही माझी बहीण," रूपाली म्हणाली, संगणक बंद केला आणि खाली उतरली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना, म्हणून कुणी वाजवल्या नाहीत.

इला मॅडमनी तिला व्हरांड्यात गाठलं.  "पाहुण्याला घरी बोलावून असं करतात? मला एक शब्द सांगायचा होतास. आपण त्यांच्याशी खासगीत बोललो असतो."

"खासगीत त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, मॅडम. तेव्हा ते हसत होते."

मॅडम वळल्या आणि निघून गेल्या.

यष्टीत बाबा खिडकीशी बसले. सेलूकाट्याचा फाटा गेला, वायगाव गेलं. रूपालीच्या अंगात अजून ऊब होती, विजयाची. शेवटी तिनंच विचारलं, "बाबा, पाह्यलं ना तुमी? कसा उभा होता तो?"

"पाह्यलं." ते बाहेरच बघत होते. "माह्या पोरीचं नाव भिंतीवर टांगलं तू. बाकीच्या घरायले विचारलं, मले सांगतलं नाई."

"सांगतलं असतं तर तुमी येऊ देलं असतं का?"

"नाई," बाबा म्हणाले. "म्हणूनच नाई सांगतलं तू."

 तिला पश्चात्ताप झाला नाही. बाबांचं दुःख एक आणि आपला हिशेब वेगळा, असं तिनं मनाशी ठरवलं आणि डोळे मिटून मागं टेकली.

पुढं सगळं भराभर घडलं. वर्तमानपत्रांत बातमी आली. अध्यासनाचा विषय पुढं ढकलला गेला आणि मग कुणी काढलाच नाही. ज्या नियतकालिकात तो अभ्यास छापला होता त्याला सोवनींनी स्वतः लिहून तो मागं घेतला, म्हणजे परदेशातल्या नोकरीत त्यांचं जे काही नाव होतं त्यालाही तडा गेला. खात्यानं नाल्यापलीकडच्या गावांसाठी पावसाळ्यात गावाकडच्या काठावर नर्स आणि अलीकडच्या काठावर गाडी ठेवायचं कबूल केलं. खोल्या उघडायचं नंतर बघू म्हणाले. निकेश तिच्याशी नीट बोलेनासा झाला. सोवनी त्याच्यासाठी बाहेरच्या विद्यापीठात शब्द टाकणार होते, आता त्या शब्दाला कोण विचारणार?

सोवनींचं वर्ष संपायला आलं तेव्हा ती चिचटेकला घरी होती. दुपारी दारात गाडी थांबली. सोवनी एकटेच उतरले. कुडता चुरगळलेला, दाढी वाढलेली. नाल्यावरून येताना उतरून पाहिलं असावं, बुटांना चिखल होता.

"मी उद्या जातोय," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांना भेटायचं होतं. माफी मागायची होती. बाकीच्या घरीही जाईन, पण आधी इथं आलो."

रूपाली दाराच्या चौकटीत उभी राहिली, दोन्ही बाजूंना हात टेकून. आत बाबा बाजेवर पडले होते, जेवून नुकतेच लवंडलेले.

"नाही भेटता येणार."

"दोन मिनिटं, रूपाली."

"सर, माझ्या बाबांना माफ करायची सवय आहे. त्यांनी पावसाला माफ केलं, नाल्याला केलं. तुम्ही पुढं येऊन हात जोडलेत तर ते तुम्हालाही करतील, वर चहा प्यायला लावतील. मग तुम्ही हलके होऊन विमानात बसाल. म्हणून तुम्हाला आत येऊ द्यायचं नाही."

 सोवनी हळूच म्हणाले, "तुम्ही मला भेटलेल्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थिनी आहात. हे मी तेव्हाही म्हणत होतो."

"शिकवलंत चांगलं तुम्ही," ती म्हणाली. "ते मी नाकारत नाही."

 ऊन कडक होतं, त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिनं पाणी विचारलं नाही. शेवटी ते वळले, गाडीत बसले. धुरळा रस्त्यावर बसेपर्यंत ती दारातून हलली नाही.

आत आली तर बाबा बाजेवर उठून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तोच होता ना?"

"हो."

"उन्हातानाचा दारी आल्ता माणूस," बाबा म्हणाले. "मले उठवाचं होतं, रूपा. माफ करतो का नाई करत, ते माह्यं होतं. माही पोरगी होती ते."

"माही बहीण होती, बाबा."

बाबा उठले. खुंटीवरचा दुपट्टा खांद्यावर टाकून, चपला घालून ते बाहेर पडले आणि गाडी गेली त्या दिशेनं, नाल्याच्या वाटेनं, चालायला लागले. रूपाली त्यांना थांबवायला उंबऱ्यापर्यंत गेली. गाडी कधीच पार झाली असेल, हे तिला ठाऊक होतं. तिनं हाक मारली नाही.